ओळखतं, बरं करत नाही

आमचं गाव प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीच्या काठाला. घरी केळी आणि कापूस. घरात सगळे अहिराणीच बोलतात. मीही बोलते, पण बाहेर राहून माझ्या अहिराणीत पुस्तकातले शब्द घुसलेत, असं आई म्हणते. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. ते काम नक्की काय आहे, हे वडिलांना फोनवर समजावून सांगायला गेले आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

आपल्या स्नायूंत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक दोरे असतात. ते किती लांब व्हायचे आणि कुठे थांबायचे, हे दुसरी काही प्रथिनं ठरवतात. त्यांतल्या एकाचं नाव लायोमोडिन. एखाद्याच्या अंगात ते तयारच झालं नाही तर त्याचे स्नायू जन्मापासून लुळे राहतात. मी जिच्यावर काम करते ती अँटिबॉडी हे प्रथिन ओळखते. सशाच्या रक्तातून ती काढलेली असते. स्नायूच्या नमुन्यात लायोमोडिन असेल तर ती त्याला जाऊन चिकटते आणि फिल्मवर काळी रेघ उमटते. नसेल तर त्या जागी काहीच दिसत नाही. बाकी तिला काही येत नाही. नखाएवढ्या कुपीत ती येते आणि कुपीवर छापलेलं असतं की ही फक्त संशोधनासाठी आहे.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यातला एकच शब्द ओळखीचा वाटला. करोनात आमच्या गावात सगळ्यांच्या तोंडी तो झाला होता. अंगात अँटिबॉडी तयार झाल्या की माणूस वाचतो, असं तेव्हा टीव्हीवर रोज सांगायचे. आप्पा स्वतः त्या दुखण्यातून उठले होते. त्यामुळे माझी पोरगी स्नायूंच्या आजारावर अँटिबॉडी करते, याचा त्यांनी सरळ अर्थ लावला. मी फोनवर ‘तसं नाही’ म्हटलं होतं. पण तेवढ्यात पाण्याची मोटार चालू करायची वेळ झाली आणि त्यांनी फोन ठेवला. पुढे मीही तो विषय काढला नाही.

दिवाळीला घरी आले तर शाळेच्या फाटकावर माझा फ्लेक्स लागलेला. फोटो बारावीतला होता. खाली लिहिलं होतं, ‘स्नायूंच्या दुर्बलतेवर औषध शोधणारी आपल्या गावाची कन्या’. दुसऱ्या दिवशी दुपारी सत्कार ठेवला होता. मी आईला विचारलं, हे कुणी लिहिलं? आई म्हणाली, सगळ्यांनी मिळून. तुझ्या आप्पांनी सांगितलं आणि हेडमास्तरांनी शुद्धलेखन बघितलं.

मी रात्रभर नव्हे, पण जेवताना बराच वेळ विचार केला की आप्पांना आत्ताच सांगावं का. ते पांढरा सदरा इस्त्रीला देऊन आले होते. शेजारच्या गावातल्या दोन पाव्हण्यांना त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. उद्या भाषणातच नीट सांगू, असं मी ठरवलं. म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या. सरपंचांनी शाल घातली, नारळ दिला. बोलताना ते म्हणाले की आता लुळीपांगळी माणसं आपल्या गावाचं नाव घेऊन उठून चालतील. माझे कान तापले. समोर बायका कौतुकाने बघत होत्या. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

तेवढ्यात मला कडुनिंबाखाली आमचा नेहमीचा मजूर दिसला. डोंगरातल्या काठी गावाच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा. कापूस वेचायला तो बायकोला घेऊन दरवर्षी आमच्याकडे उतरतो, मी शाळेत असल्यापासून. या खेपेला त्याच्या खांद्यावर पोरगी होती. आठ-नऊ वर्षांची असेल, पण लहान पोराला घेतात तसं त्याने तिला घेतलं होतं. तिचे पाय त्याच्या कमरेखाली लोंबत होते. मान त्याच्या खांद्यावर टेकलेली आणि पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मला वाटलं, झोपली असेल. पण ती जागी होती, माझ्याकडेच बघत होती.

माझी बोलायची पाळी आली. ठरवलेले सगळे शब्द विसरले. मी एवढंच म्हणाले, “मी औषध शोधलेलं नाही. आम्ही जे वापरतो त्याने फक्त ओळखता येतं, एखादी गोष्ट अंगात आहे की नाही ते. त्याने कुणी बरं होत नाही.”

 मग हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि मागोमाग सगळ्यांनी वाजवल्या. पोरगी एवढी शिकून किती नम्र आहे, असं कुणीतरी म्हणालं. मी खुर्चीवर येऊन बसले. शाल अंगाला टोचत होती, आणि ती काढली तर बरं दिसणार नव्हतं. आप्पांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना कळलं होतं.

कार्यक्रम संपला. चहा सुरू झाला तसा तो माणूस बायकोसह ओट्यापाशी आला. मोलगीपर्यंत जीपने आणि तिथून दोन एसट्या बदलून ते आले होते. आप्पांनीच कुणाकरवी तरी निरोप धाडला होता. पोरगी पहिल्यांदा चालायला लागली तेव्हा बरी चालायची, असं त्याने मोडक्यातोडक्या अहिराणीत सांगितलं. मग पडायला लागली. आता जमिनीवरून उठायचं तर कुणीतरी काखेत हात घालून उचलावं लागतं. शहाद्याला दाखवलं, नंदुरबारला दाखवलं. ताकदीच्या बाटल्या दिल्या. फरक पडला नाही.

त्याच्या बायकोला घरची भिली सोडून दुसरी भाषा येत नव्हती.  तिने पिशवीतून काचेची एक रिकामी बाटली काढली. आतून घासून धुतलेली, तोंडाला स्वच्छ फडक्याचा बोळा. औषध न्यायला आणली होती. ती तिने माझ्यापुढे धरली.

मी ती हातात घेतली, कारण न घेणं जमलं नाही. मग त्याला सांगितलं की माझ्याकडे औषध नाही. त्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पा चहाच्या पातेल्याकडे बघत होते. मी पुन्हा सांगितलं, या वेळी अहिराणीत, की मी डॉक्टरही नाही. तो ‘बरं’ म्हणाला. त्याने बायकोला सांगितलं. तिने बाटली माझ्या हातातून परत घेतली आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली.

घरी आल्यावर आप्पांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि बनियनवर ओट्यावर बसले. मग म्हणाले, “आते मी लोकेसले काय सांगू?”

मी म्हटलं, जे आहे ते सांगा.  ते माझ्यावर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांना लाज वाटत होती, आणि ती माझ्यामुळे नसून स्वतःची वाटत होती. बापाला चार लोकांत खोटं पाडून मी खरं बोलले होते. ते खरं मी महिनाभर आधी फोनवर बोलले असते तर त्या बाईने ती बाटली घासली नसती.

ती माणसं त्या रात्री आमच्याच खळ्यात राहणार होती. मी पुण्याला माझ्या सरांना फोन केला. आमच्या प्रयोगशाळेला एका मोठ्या सरकारी रुग्णालयातून नमुने येतात. तिथल्या स्नायूंच्या आजारांच्या डॉक्टर मॅडम सरांच्या ओळखीच्या आहेत. सर म्हणाले, घेऊन ये, मी बोलून ठेवतो. मी खळ्यात जाऊन त्याला विचारलं की पुण्याला येता का. औषध मिळेलच असं नाही, पण काय झालंय ते कदाचित कळेल. त्याने बायकोशी थोडं बोलून घेतलं आणि हो म्हणाला. आप्पांनी विचारलं नाही, सांगितलं नाही, पण सकाळी शहाद्याच्या स्टँडवर ते आमच्याआधी जाऊन उभे होते. जागा धरून ठेवली होती. त्यांनी पोरीला स्वतः उचलून खिडकीशी बसवलं.

रुग्णालयात माझं काम दुभाष्याचं होतं. पोरीची आई भिलीत सांगायची, बाप त्याचं अर्धं अहिराणीत करायचा, मी त्याचं मराठी करून मॅडमना सांगायची. मॅडम सावकाश माणूस. त्यांनी पोरीला वर बघत राहायला सांगितलं. जरा वेळाने तिच्या पापण्या आपोआप खाली येऊ लागल्या. त्यांनी विचारलं, ही रोज सारखीच अशक्त असते का, की काही आठवडे बरी आणि काही आठवडे वाईट असं होतं? आई लगेच बोलू लागली. हो, तसंच होतं, म्हणून तर ते भगताकडेही गेले होते. एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. मी सत्काराच्या दिवसापासून त्या पोरीकडे बघत होते ते माझ्या प्रथिनाच्या डोळ्यांनी.

तपासण्या ठरल्या. त्यात मांडीतून स्नायूचा छोटा तुकडा काढायचा होता. त्यातला थोडा संशोधनासाठी मागायचा, अशी आमची रीत. ओळखीची भीड पडू नये म्हणून विचारायचं काम सरांनी मुद्दाम दुसऱ्या विद्यार्थ्याला दिलं, पण त्याला भाषा येईना. शेवटी मीच समजावलं. म्हटलं, यातला बराच भाग पोरीच्या तपासणीला जाईल आणि थोडा आम्ही ठेवू. त्याचा तिला फायदा होईलच असं नाही. नको असेल तर नको म्हणा, तिच्या उपचारात काही कमी होणार नाही. तो म्हणाला, “तुम्ही मांगी ऱ्हायनात ना, मंग ल्या.” त्या ‘तुम्ही’मुळे मला खाली बघावं लागलं. तो मला लहानपणापासून ओळखत होता. आजवर मी त्याच्यासाठी ‘तू’ होते.

तुकडा आमच्याकडे आला तो नावाशिवाय, नुसत्या खुणेच्या चिठ्ठीसह. नियमच तसा आहे. पण त्या आठवड्यात एकच नमुना आला होता.

इथून पुढचं सांगायला मला अवघड जातं. गेलं वर्षभर मी ती अँटिबॉडी खरी आहे की नाही हे सिद्ध करायच्या मागे होते. उंदरात ती चालली. निरोगी माणसांच्या नमुन्यांत चालली, सगळीकडे काळी रेघ नीट उमटली. पण ज्या माणसात लायोमोडिन अजिबात नाही, असा नमुना मिळाला आणि तिथे रेघ उमटली नाही, तरच कुणी माझ्यावर विश्वास ठेवणार होतं. असे रुग्ण फार दुर्मीळ, आणि बरेचसे तान्हेपणीच जातात. एखादा सौम्य रुग्ण आठ-नऊ वर्षांचा होऊन समोर यावा, तोही माझ्याच कापूस वेचणाऱ्याच्या घरात, हे मला नशिबासारखं वाटायला लागलं होतं. नमुना खलात वाटताना, जेलच्या पातळ थरात भरताना, मी मनात म्हणत होते, हिच्यात नसू दे.

नसणं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं. त्यावर औषध नाही. तशा पोरांचा पुढे श्वास कमी पडतो. हे सगळं मीच दरवर्षी सादरीकरणात पहिल्या पानावर लिहिते. तरी हात चालू होते आणि मन ते मागत होतं.

दुपारी फिल्म बाहेर काढली. निरोगी नमुन्यांच्या रेघा होत्या. शेजारी तिची होती. तितकीच काळी, तितकीच जाड, त्याच जागी. माझ्या शेजारची मैत्रीण वाकून बघत होती. ती म्हणाली, “अरेरे.”

आणि मीही म्हणाले, “अरेरे.”

तो आवाज माझाच होता. मी फिल्म दिव्यापुढे धरून तशीच उभी राहिले. पोरीच्या अंगात जे असायला हवं ते आहे, एवढीच बातमी होती, आणि ती ऐकून मी हळहळले होते. मैत्रिणीला काही वाटलं नसावं. तिने पोरीला पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी तो नमुना होता. मी त्या पोरीला एसटीत मांडीवर घेऊन आले होते. वाटेत धुळ्याला तिला भजी भरवली होती, कारण तिला घास तोंडापर्यंत न्यायला दम लागत होता.

मी हातमोजे काढले आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. रडू आलं नाही. दिवाळीच्या सत्कारात मला जी लाज वाटली होती तिला निदान साक्षीदार होते, तिच्यात आप्पाही वाटेकरी होते. ही कुणाला सांगण्यासारखी नव्हती. संध्याकाळी सरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, हिच्यात आहे. ते म्हणाले, छान, म्हणजे मॅडम दुसरीकडे शोधायला मोकळ्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुला नमुना मिळेल पुढे कधीतरी. पोरगी आधी.” त्यांनी ते रागावून म्हटलं नव्हतं. बहुतेक त्यांच्याही मनात कधीतरी असं येऊन गेलं असावं. मला मात्र त्यांच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.

मॅडमनी दुसरीकडे शोधलंच होतं. आमच्या कामाची त्यांनी वाटही पाहिली नव्हती. नसांची तपासणी झाली, रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं. निकाल यायला काही आठवडे लागले. दोष स्नायूत नव्हता. नसेकडून स्नायूला निरोप पोचतो त्या सांध्यात होता. आजार तोही जन्माचाच आणि तोही दुर्मीळ. पण त्याला दम्याच्या माणसांना देतात तसली एक साधी गोळी बऱ्याचदा उपयोगी पडते, असं मॅडम म्हणाल्या. तीही लगेच नाही, महिन्यांनी. गोळी शहाद्याच्या औषधाच्या दुकानात मिळते. मी फोनवर त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं की शहाद्यातच ना, पुण्याला यावं लागणार नाही ना.

पहिल्या महिन्यात काही झालं नाही. नंतर आप्पांचा फोन आला. मोलगीच्या बाजाराला तो भेटला होता. पोरगी आता आपल्या हाताने जेवते, म्हणाला. पुढच्या फोनला कळलं की जमिनीवरून एकटी उठते, भिंतीला धरून का होईना. आप्पा एवढंच सांगायचे आणि पिकाचं बोलायला लागायचे. गावात ते कुणाला काय सांगतात, मी कधी विचारलं नाही. फ्लेक्स मात्र काढलेला होता. आईने सांगितलं की त्यांनी तो स्वतः सोडवून गोठ्यावर उलटा टाकला.

होळीच्या आधी त्याचा निरोप आला की पाड्यावर या. काठीच्या होळीला लांबून लोक येतात, त्या गर्दीत नको म्हणून आम्ही आधीच गेलो, आप्पांच्या मोटारसायकलवर. घाटात मोहाच्या फुलांचा वास होता. त्याच्या घरापुढे अंगण सारवलेलं. पोरगी दारातून बाहेर आली. हात पसरून, पाय फाकवून, बदकासारखी डुलत आली, पण एकटी आली. तिची आई मागे उभी होती, हात पुढे न करता.

मी खाटेवर बसले. तिच्या आईने माझ्यासाठी कोंबडं कापलं होतं. मी ‘कशाला’ म्हटलं तर तिला कळलं नाही, ती हसली. त्याचे भाऊ, भावजया, शेजारी येऊन माझ्याकडे बघून जात होते. गोळी मॅडमनी दिली, मी काही केलं नाही, हे मी त्याला परत एकदा सांगितलं. तो हो म्हणाला आणि माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला. आप्पा खाली मान घालून जेवत होते.

जेवणानंतर पोरगी माझ्यापाशी येऊन बसली. ती आता शाळेत जाऊ लागली होती, बापाच्या खांद्यावर का होईना, आणि तिथे थोडं मराठी शिकली होती. तिने फ्रॉक वर करून मांडीवरची खूण दाखवली. बोटाच्या पेराएवढी, फिक्या रंगाची. चुलत भावंडांना तिने ती आधीच पुष्कळदा दाखवली असावी, कारण ती पोरं लगेच गोळा झाली.

ती म्हणाली, “माझा तुकडा कुठे आहे?”

मी म्हटलं, आमच्याकडे होता. बर्फासारख्या थंड पेटीत ठेवला होता.

“परत देणार?”

पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तो तुकडा वाटला होता, त्याचा रस काढला होता, आणि उरलेलं त्या दुपारनंतर आणखी एकदा, रेघ चुकून तर आली नाही ना हे बघायला, संपवलं होतं. म्हणजे ‘अरेरे’ म्हटल्यावरही मी एकदा तपासून घेतलं होतं. मॅडमना त्याची गरज नव्हती. मला होती.

“नाही,” मी म्हटलं. “तो संपला.”

 तिने बापाला भिलीत काहीतरी विचारलं आणि तो हसला. तिला नवीन येईल का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, येतो, मांस भरून येतं. तिने फ्रॉक खाली केला, खाटेचा काठ धरला, जोर लावून उभी राहिली आणि पोरांच्या मागे अंगणात गेली.